पाणी, पाळ आणि पाळी

'पाळी' हा शब्द देवालयाच्या मंडळींना नवा नाही. पूजेची पाळी असते, नंदादीपाच्या तेलाची पाळी असते, उत्सवाच्या खर्चाची पाळी असते. एका कुळाने आपली पाळी चुकविली तर तिचा भार दुसऱ्या कुळावर पडतो, आणि देवापुढे मान खाली घालण्याची वेळ मात्र सगळ्या गावावर येते. कुळागरातही हाच शब्द चालतो. पाटाचे पाणी ज्या दिवशी ज्याच्या बागेत वळवावयाचे, ती त्याची पाळी. याच शब्दाचा दुसरा भाऊ म्हणजे 'पाळ'. तळ्याच्या काठाला आणि पाणी अडविणाऱ्या बांधाला आपण पाळ म्हणतो. संस्कृतातील 'पालि' या शब्दातही काठ, बांध आणि ओळ हे अर्थ आहेतच. आणि डिचोली महालात, वेळगे, सुर्ला व कोठंबी यांच्या शेजारी, पाळी नावाचा गाव आहे.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. परंतु या तीन अर्थांचा मेळ मनात धरला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. पाणी अडवावयाचे तर पाळ हवी, अडविलेले पाणी वाटावयाचे तर पाळी हवी, आणि पाळ बांधणारे व पाळी ठरविणारे लोक एकत्र बसावयाचे तर गाव हवा. या तिहींपैकी एक जरी ढळले तरी उरलेली दोन टिकत नाहीत. गोमंतकाच्या ग्रामजीवनाचा इतिहास हा पुष्कळ अंशी या तिहींच्या मेळाचा, आणि अलीकडच्या काळात त्यांच्या फारकतीचा, इतिहास आहे. तो येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

फोंडे महालातील बांदिवडे हे नाव आमच्या वाचकांना महालक्ष्मी, नागेश आणि रामनाथी यांच्यामुळे परिचित आहे. याच बांदिवड्यास सापडलेला अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. कोकणच्या मौर्यवंशातील या राजाने एका सामवेदी ब्राह्मणाला जमीन दान दिली. ती जमीन 'खज्जन' म्हणजे खाजन होती. जंगल तोडून आणि खारे पाणी अडविण्यासाठी बांध घालून तिचे शेत करावयाचे होते. म्हणजे आज आपण ज्याला खाजन म्हणतो, ती व्यवस्था आणि तो शब्द या दोहोंना निदान तेरा शतकांचा इतिहास आहे. राजाने ताम्रपट दिला खरा, परंतु ताम्रपटाने भरती थांबत नाही. ती थांबविली चिखल, पेंढा आणि जांभा दगड वाहणाऱ्या हातांनी.

खाजनाची रचना ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना ते हात एकट्यादुकट्याचे असणे शक्य नाही हे सांगावयास नको. नदीच्या बाजूस मातीचा बांध, बांधात मानस, मानशीला लाकडी झडपा. भरतीचे पाणी चढू लागले की झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातील पाण्याच्या दाबाने त्या उघडतात. आत पोंय, म्हणजे जादा पाणी साठविणारा खोलगट भाग. त्याच्या भोवती कोरगुटाची शेते. बांधाला एका जागी भगदाड पडले तर पाणी त्या एकाच शेतकऱ्याच्या शेतात शिरून थांबत नाही. ते सगळ्या खाजनात पसरते आणि जमीन काही वर्षे खारट करून टाकते. त्यामुळे 'माझे शेत मी पाहीन, तुझे तू पहा' हा न्याय येथे मुळातच चालत नाही. येथे सल्लामसलत ही शिष्टाचाराची बाब नव्हती. ती पोटाची बाब होती.

डिचोलीच्या आतल्या गावांत, जेथे खाऱ्या पाण्याचे भय नाही, तेथे प्रश्न उलटा होता. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. सरदाचे पीक त्या पावसावर निघते. वायंगण पिकवावयाचे, किंवा माडा-पोफळीला उन्हाळ्यात जगवावयाचे, तर पाऊस सरल्यानंतर व्हाळाला बांध घातला पाहिजे, झरीचे तोंड साफ केले पाहिजे, पाटातील गाळ उपसला पाहिजे. ही कामे दरवर्षीची. बांध केव्हा घालावयाचा, किती उंच घालावयाचा, वरच्या वाड्याने किती पाणी घेऊन खालच्या वाड्यास किती सोडावयाचे, गडी कोणाच्या घरून किती यावयाचे, हे सारे दरवर्षी नव्याने ठरवावे लागे. वरच्याने बांध उंच केला की खालच्याचे वायंगण वाळते. खालच्याने रात्री बांध फोडला की वरच्याचे. भांडणाची सर्व बीजे येथे होती, म्हणूनच समेटाची रीतही येथेच रुजली.

ती रीत म्हणजे गावकरी. गावचे मूळ वसाहतदार ते गावकर. त्यांच्या कुळांचे वांगड. वांगडांची सभा ती गावकरी. जमीन एकेकाची नव्हे, गावकरीची. शेते पावणीने, म्हणजे लिलावाने, ठराविक मुदतीसाठी कसावयास दिली जात. मानशीतील मासळीचीसुद्धा पावणी होई. आलेल्या उत्पन्नातून आधी राजाचा वसूल, मग देवाचा खर्च, बांधांची डागडुजी, कुळकर्णी आणि इतर सेवेकऱ्यांचे वेतन भागवावयाचे. आणि उरले तर गावकरांत 'जण' वाटावयाचा. हा क्रम आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. वाटणी शेवटी, बांध आधी. आज आपण ज्याला सार्वजनिक सेवेची देखभाल म्हणतो, तिला त्या जमाखर्चात नफ्याच्या आधीचे स्थान होते.

1526 साली, पोर्तुगीज सत्ता तिसवाडीत येऊन सोळा वर्षे झाली असता, महसुलाचा वरिष्ठ अधिकारी आफोंसो मेशिया याने तेथील गावांच्या रूढी लिहवून घेतल्या. 16 सप्टेंबर 1526 चा हा दस्तऐवज 'फोराल' या नावाने प्रसिद्ध आहे. परक्या राज्यकर्त्याने, आपल्या वसुलाची सोय पाहण्यासाठी, लिहविलेला हा कागद आहे हे खरे. तरीही त्यातून या संस्थेचे रूप स्पष्ट दिसते. प्रारंभीच परंपरागत हकीकत येते, की फार पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर येऊन शेती करू लागली आणि त्यांच्यापासून पुढे वस्ती वाढली. चौघांनी मिळून उजाड जागा आबाद केली, म्हणून तिचा कारभारही मिळूनच, ही त्या हकीकतीमागील भावना.

या सभेची एक रीत आजच्या माणसाला चकित करील. तेथे निर्णय बहुमताने होत नसे. सर्वांची संमती लागे. एकाने 'नकार' दिला तर ठराव अडे. हा नकार उच्चारण्याचा अधिकार ही गावकराची मोठी प्रतिष्ठा होती. आधुनिक दृष्टीने ही रीत गैरसोयीची आहे, आणि हट्टी माणसाच्या हाती ती शस्त्रासारखी चालत असणार यात शंका नाही. पण तिच्या मुळाशी एक व्यवहारज्ञान होते. बहुमताने ठरविलेल्या बांधावर अल्पमतातला माणूस कुदळ घेऊन येत नाही. आणि बांध तर त्याच्याही शेताच्या कडेने जातो. त्याचे मन वळविल्याशिवाय काम पुरे होत नाही हे ठाऊक असल्यामुळे सभा लांबे, पुन्हा भरे, मध्यस्थ पडत, आणि शेवटी जे ठरे ते सर्वांचे ठरे. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण आज सहज उच्चारतो. त्या सभेला ती सहज नव्हती. पाचही मुखांतून एक शब्द निघेपर्यंत तिला थांबावे लागे.

ही सभा भरे कोठे? पुष्कळ गावांत ती देवालयाच्या चौकात भरे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या महालांत वारुळाच्या रूपाने पुजली जाणारी सातेरी ही भूमीचीच देवता; तिच्या साक्षीने भूमीविषयी खोटे बोलणे अवघड. कौल-प्रसाद, गाऱ्हाणे, नवस यांच्याप्रमाणेच पाण्याचा तंटाही देवापुढे येई. देवालयाला लागून तळी असे. ती केवळ स्नानासाठी किंवा शोभेसाठी नव्हे. तळीत मुरलेले पाणी खालच्या वाड्याच्या बांयींना आणि कुळागरांना जिवंत ठेवी. तळीचा गाळ उपसणे हे देवकार्य मानले गेले, म्हणून ते काम वेळच्या वेळी झाले. श्रद्धेने व्यवहाराला आणि व्यवहाराने श्रद्धेला असा परस्पर आधार दिला होता.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलातून 1781 ते 1788 या काळात पोर्तुगिजांकडे गेले. यांना 'नव्या काबिजादी' म्हणतात. जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवालये मोडली गेली आणि त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. नव्या काबिजादींत तसे घडले नाही. तोपर्यंत राजनीती बदलली होती, आणि येथील लोकांचा धर्म व रूढी राखण्याचे आश्वासन राज्यकर्त्यांनी दिले होते. त्यामुळे पाळीसारख्या गावांत देवालय आणि गावकरी यांची सांगड पुढेही टिकली. याच डिचोली महालातील नार्वे येथे 1668 साली छत्रपती शिवाजीमहाराजांनी सप्तकोटेश्वराचे देवालय पुन्हा उभारविले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

परंतु एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत या सभेचा प्राण हळूहळू कागदात जाऊ लागला. सरकारने नियम केले, संहिता केल्या. देवालयांच्या कारभारासाठी 1886 साली आणि पुन्हा 1933 साली महाजनी नियम आले. गावकरीसाठी 1904 ची आणि नंतर 1933 ची कोमुनिदाद-संहिता आली. शेवटची संहिता 1961 च्या एप्रिलात, म्हणजे मुक्तीच्या अवघे आठ महिने आधी, जारी झाली. या नियमांनी हिशेबाला शिस्त लावली हे नाकारता येत नाही. कित्येक ठिकाणी अफरातफरीला आळाही बसला असेल. पण सभेने ठरविलेल्या खर्चावर प्रशासकाची मंजुरी लागू लागली, अंदाजपत्रक वर जाऊन खाली येऊ लागले. पावसाळा मात्र मंजुरीची वाट पाहत नाही. 'आपण ठरवू आणि आपण करू' ही वृत्ती जाऊन 'आपण अर्ज करू आणि ते करतील' ही वृत्ती आली ती मुक्तीनंतर नव्हे. तिची सुरुवात त्या आधीच झाली होती.

येथवर वाचून जर कोणाचा असा ग्रह झाला असेल की जुने ते सर्व सोन्याचे होते, तर तो दूर करणे हे आमचे कर्तव्य आहे. गावकरीत 'गाव' होता तो अर्धामुर्धा. सभेत बसण्याचा अधिकार पुरुष वंशजांचा. ज्या स्त्रीने पहाटेपासून घागर घेऊन बांयीवर रांग धरली, तिला पाण्याविषयी मत विचारण्याची रीत नव्हती. ज्याने प्रत्यक्ष चिखल तुडविला तो कूळ, जो दुसऱ्याच्या जागेत झोपडी बांधून राहिला तो मुंडकार, यांना काम करण्याची पाळी होती; बोलण्याची पाळी नव्हती. आणि ज्यांना स्पर्श करणेही त्या काळी निषिद्ध मानले गेले, त्यांना सभा तर दूरच, देवालयाच्या तळीची पायरीही मोकळी नव्हती. भगवंताच्या दारातील पाणी भगवंताच्याच लेकरांस वर्ज्य होते. हा दोष कोणा एका गावाचा नव्हता, तसा तो एकट्या गोव्याचाही नव्हता.

मुंबई विधिमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांना मोकळे असावेत असे म्हटले. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली आपले चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही. शेवटी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, पाणी बाटले म्हणून शुद्धीचे विधी झाले, दावा झाला. आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल 17 मार्च 1937 रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, लागला. कोकणच्या या घटनेतून आपण दोन गोष्टी शिकावयाच्या. पाण्याविषयीच्या सभेत जो नाही, त्याच्या वाट्याला पाणीही येत नाही, ही पहिली. आणि कागदावरचा ठराव म्हणजे पाणी नव्हे, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1962 साली ग्रामपंचायतींचा कायदा लागू होऊन निवडणुका झाल्या. प्रथमच प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास गावच्या कारभारात मत मिळाले. 1964 च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. हे न्यायाचे काम होते आणि ते उशिराच झाले, असे आम्ही मानतो. मात्र या बदलात एक गोष्ट कोणाच्याच हाती न लागता खाली पडली. ती म्हणजे बांध. जमीन कुळाची झाली, तेव्हा बांधाची जबाबदारी गावकरीने सोडली. 1975 साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम करून खाजनांसाठी कुळांचे संघ स्थापन करण्याची तरतूद झाली. काही ठिकाणी संघ चांगले चालले, अनेक ठिकाणी ते नावापुरते राहिले. पंचायतीकडे मते होती, पण बांधाचे उत्पन्न नव्हते. गावकरीकडे जुनी स्मृती होती, पण अधिकार नव्हता. सरकारकडे पैसा होता, पण भरतीच्या रात्री मानशीवर जाऊन उभा राहील असा माणूस नव्हता.

पिण्याच्या पाण्याची कथा याहून निराळी नाही. नळ आला. या नळाने गावच्या स्त्रियांचे केवढे कष्ट वाचविले याचे मोल पुरुषांनी करू नये. ते त्यांनाच विचारावे. परंतु नळ आला तेव्हा बांय सुटली. बांयीचा गाळ उपसणे थांबले, झरीच्या वाटेवर रान माजले. पाणी दूरच्या शुद्धीकरण-प्रकल्पातून येऊ लागले आणि ते का आले नाही, याचे उत्तरही दूरचेच झाले. पूर्वी पाणी कमी झाले तर वरच्या वाड्यात जाऊन पाहता येत होते. आता नळ कोरडा पडला तर कोठे जावे हेच गावास ठाऊक नसते.

याच काळात डिचोलीच्या भूमीखाली दुसरे काही चालले होते. लोहखनिजाच्या सवलती पोर्तुगीज राजवटीत दिल्या गेल्या. 1987 च्या कायद्याने त्यांचे पट्ट्यांत रूपांतर झाले. खाण जलपातळीच्या खाली गेली की तिच्यात झरणारे पाणी पंपांनी उपसून बाहेर टाकावे लागते, आणि आसपासच्या बांयींची पातळी तिच्याबरोबर खाली जाते. पावसात खनिजाची तांबडी माती व्हाळात आणि व्हाळातून शेतात येते. पाळीचा परिसर या खाणपट्ट्यातला. तेथील माणसास हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. ज्या खाणीने घराघरात पगार आणला, तिनेच बांयीचा तळ उघडा केला, हे येथील जिण्याचे कोडे होते, आणि त्यावर गावाने एकत्र बसून विचार करावा अशी जागा कित्येक वर्षे नव्हतीच. मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीची सक्ती देशात 1997 साली आली. पुढे 2012 साली खाणी बंद पडल्या. सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आला. 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन 16 मार्च 2018 पासून काम थांबले. त्यानंतर लिलावाने पट्टे देण्याचे धोरण सुरू झाले. हे सर्व निर्णय राजधानीत आणि दिल्लीत झाले. निर्णयांच्या बऱ्यावाईटाविषयी मतभेद असोत. परंतु ज्यांच्या बांयींविषयी ते होते, त्यांचा शब्द या साऱ्या कागदपत्रांत किती उमटला, हा प्रश्न उरतोच.

आता कायद्याची बाजू पाहू. राज्यघटनेची 73 वी दुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी अंमलात आली. तिने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले, आणि अकराव्या परिशिष्टातील 29 विषयांत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन व पिण्याचे पाणी यांचा समावेश केला. 1994 साली गोव्याचा पंचायतराज कायदा आला. 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने तर गावोगावी पाणी समिती असावी असे ठरविले. समितीत दहा ते पंधरा सभासद. त्यांत निम्म्या स्त्रिया. पंचायतीचे निवडून आलेले सभासद चौथाईपर्यंतच. उरलेली जागा दुर्बल घटकांना. जुन्या गावकरीत ज्यांना बोलण्याची पाळी नव्हती, नेमक्या त्यांनाच या समितीत बसविले आहे. गावाने आपला पाणी-आराखडा स्वतः करावा, खर्चाचा काही वाटा रोख, सामान किंवा श्रम यांच्या रूपाने द्यावा, आणि पाण्याची तपासणी करण्यास गावातील पाच स्त्रियांना शिकवावे, असेही त्या योजनेत आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये गोवा हे 'हर घर जल' प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य म्हणून जाहीर झाले. सुमारे 2.63 लाख ग्रामीण कुटुंबांपर्यंत नळ पोचल्याचे 378 गावांच्या ग्रामसभांनी ठरावाने प्रमाणित केले, आणि सर्व 378 गावांत पाणी समित्या स्थापन झाल्या, असे सांगण्यात आले. ही सामान्य गोष्ट नव्हे. अनेक मोठ्या राज्यांना जे साधले नव्हते ते या लहान प्रदेशाने साधले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु अभिमानाच्या पोटीच एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्या 378 ठरावांपैकी किती ठराव वाचून झाले आणि किती चर्चा होऊन झाले? तुमच्या वाड्यावरची पाणी समिती कोणाकोणाची आहे, हे आमच्या वाचकांपैकी किती जण सांगू शकतील? महाडच्या नगरपालिकेच्या ठरावाची आठवण येते ती येथे. ठराव खोटा नव्हता. पण त्याच्यामागे पाऊल नव्हते.

सल्लामसलत ही देखाव्यासाठी नसते, याची दोन उदाहरणे दूरदेशीची सांगतो. स्पेनमधील वालेन्सिया नगरात दर गुरुवारी मध्यान्ही, मुख्य चर्चच्या दारापाशी, कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले पंच बसतात. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, निवाडा तेथल्या तेथे. ही शतकानुशतकांची प्रथा युनेस्कोने 2009 साली मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली. दुसरे उदाहरण आमच्या वाचकांस अधिक जवळचे वाटेल. बाली बेटावरील हिंदूंच्या 'सुबक' नावाच्या शेतकरी-मंडळ्या पाण्याची वाटणी जलदेवालयांतून ठरवितात. कोणत्या खोऱ्याने केव्हा पेरावे आणि केव्हा रान पडीक ठेवावे, हे देवालयाच्या सभेत ठरते. 1970 नंतरच्या काळात सरकारी तज्ञांनी अधिक पिकाच्या उत्साहात ही वेळापत्रके बाजूस सारून सतत लागवड करावयास सांगितले. परिणामी पाण्याची ओढाताण झाली आणि कीड माजली; शेवटी देवालयांच्या जुन्या पाळ्यांमागील शहाणपण तज्ञांनाही मान्य करावे लागले. 2012 साली सुबकची भूमी जागतिक वारसा ठरली. तेथील शेतकरी पूजा करीत होता म्हणून पीक आले असे कोणी म्हणत नाही. पूजेच्या निमित्ताने वरचा आणि खालचा एकत्र बसत होता, म्हणून पाणी पुरले.

आमच्या देवालयांना यातून काही घेण्यासारखे आहे असे आम्हांस वाटते. देवालय हे आजही गावातील अशी एकमेव जागा आहे, जेथे सगळ्या वाड्यांची माणसे न बोलावता येतात. पंचायतीच्या ग्रामसभेस न जाणारा माणूसही जत्रेला, सप्ताहाला, पालखीला येतो. मग असे का होऊ नये, की वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, देवालयाच्या चौकात गावच्या पाण्याची सभा बसावी? ती पंचायतीच्या सभेची जागा घेण्यासाठी नव्हे, तर तिची तयारी म्हणून. त्या सभेत गावातील प्रत्येक बांय, झर, तळी, व्हाळ आणि बंधारा यांची यादी वाचली जावी. कोणते पाणी आटले, कोणते नासले, कोणत्या वाड्यात नळ किती वेळ येतो, हे ज्या स्त्रिया पाणी भरतात त्यांनी सांगावे. कोणाच्या जातीचा, कुळाचा किंवा महाजनकीचा प्रश्न त्या चौकात येऊ नये. आणि ज्या देवालयाच्या पायऱ्या आजही कोणाला अवघड वाटत असतील, त्याने सभा दुसरीकडे न्यावी किंवा आधी पायऱ्या सोप्या कराव्या. जे ठरेल ते कुळकर्ण्याच्या जुन्या शिस्तीने वहीत लिहावे, आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवून पाणी समितीकडून उत्तर मागावे.

या कामास पैसा फार लागत नाही. वेळ लागतो, आणि दुसऱ्याचा नकार ऐकून घेण्याचा धीर लागतो. जुन्या गावकरीत तो धीर होता, पण तिच्या चौकटीत सगळा गाव मावत नव्हता. आजच्या ग्रामसभेच्या चौकटीत सगळा गाव मावतो, पण आत शिरण्याची घाई कोणास नाही. एकीचा धीर आणि दुसरीचे दार, हे दोन्ही एकत्र आले तर 'गाव करी ते राव न करी' ही म्हण पुन्हा खरी ठरण्यास विलंब लागणार नाही.

म्हादईच्या पाण्याचा तंटा लवादापुढे गेला, 14 ऑगस्ट 2018 रोजी लवादाने आपला निवाडा दिला, आणि त्यानंतरही वाद चालूच राहिला. त्या मोठ्या पाण्याविषयी आपण सारे आवेशाने बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण नदी वाचविण्याची भाषा ज्याच्या तोंडी आहे, त्याच्या वाड्यातील तळीत यंदा गाळ किती आहे, हेही त्याला ठाऊक असावे. मोठ्या पाण्याचा न्याय न्यायाधिकरण करील. लहान पाण्याचा न्याय आपल्यालाच करावा लागेल, कारण त्यासाठी दुसरे कोणी येणार नाही.

पूर्वजांनी पाळ बांधली. कित्येकांना तिच्यापासून दूर ठेवले, हेही त्यांनीच केले. त्यांचे ऋण आणि त्यांचा दोष असा दोन्ही वारसा आपल्याकडे आला आहे. ऋण फेडावयाचे आहे आणि दोष निवारावयाचा आहे. पाऊस संपत आला आहे. व्हाळाला बांध घालण्याचे दिवस जवळ येत आहेत. या खेपेची पाळी आपली आहे.